पहिलं नाव

प्रोग्राम पुन्हा मेला, आणि खून पुन्हा स्वप्नालीच्याच नावावर पडला.

"उद्या दाल-पकवान!" भूपेश खुर्चीतूनच ओरडला. कंपनी त्याची, नियमही त्याचाच: ज्याच्या कोडमुळे प्रोग्राम कोसळेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाश्ता आणायचा. स्वप्नाली उल्हासनगरची. तिच्या गल्लीच्या तोंडाशीच सिंधी गाडीवाला उभा असायचा.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या खोलीत तिघं मिळून भट्टी सांभाळणारा प्रोग्राम लिहीत होते. खरं यंत्र अजून यायचं होतं. तोवर त्याची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर भागवायचं. प्रोग्रामचे तीन धागे, म्हणजे तीन स्वतंत्र भाग, एकाच वेळी चालत: तापमान मोजणारा स्वप्नालीचा, आच कमी-जास्त करणारा दिनानाथकाकांचा, पडद्यावर आकडे दाखवणारा भूपेशचा. प्रोग्राम मेला की एम्युलेटर मागे कोअर डम्प टाकायचा. म्हणजे पंचनामाच, मरताना कोणता धागा कुठे होता त्याचा.

स्वप्नाली आपला कोड ओळ न् ओळ तपासायची. काही सापडायचं नाही. गंमत म्हणजे दाल-पकवान संपलं की दुपारी प्रोग्राम आपोआप सुरळीत चालायचा. भूपेश स्वतःचा डबा मात्र भिंतीकडे तोंड करून खायचा. मोरिवलीहून त्याच्या आईच्या, गोदूबाईंच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण यायचं. वास सगळ्यांना, घास त्याला एकट्याला.

महिनाअखेरीस स्वप्नालीला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आपल्याला हे काम जमतच नाही असं वाटून ती पार खचली होती. शेवटी चिडून तिने एम्युलेटरच उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. मेला कुठलाही धागा असो, एम्युलेटर तिघांच्याही नावापुढे त्या मेलेल्या धाग्याचीच जागा लिहीत होता. मग दोष जायचा यादीतल्या पहिल्या नावावर. आणि सगळ्यात आधी सुरू होणारा धागा तिचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिने दुरुस्ती केली. प्रत्येकापुढे ज्याची त्याची जागा, आणि गुन्हेगार सगळ्यात वर.

पुढच्या वेळी वर नाव आलं दिनानाथकाकांचं. काकांनी आपल्या गावाहून, चामटोलीहून, करांदे म्हणजे रानातले कंद उकडून आणले. कडूजहर. त्यानंतरही काकाच सापडले, आणि पुन्हा करांदेच.

भूपेशने हळूच खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"स्वप्नाली, ती दुरुस्ती काढून टाक ना."

"का? म्हणजे चूक माझी नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काका गुपचूप आपलं निस्तरायचे. तू पक्कीच आहेस, टेन्शन नको घेऊ. पण ते दाल-पकवान..."

काकांनी मान खाली घातली. स्वप्नालीला आधी संताप आला. मग, नोकरी पक्की म्हटल्यावर, हसू आलं.

"बरं," ती म्हणाली.

तिने दुरुस्ती काढली. जाता जाता प्रोग्राममध्ये कोणता धागा आधी सुरू व्हायचा, तेवढं बदललं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम मेला. भूपेशने हात चोळत कोअर डम्प उघडला, पहिलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याने घरी फोन लावला.

"आये, उद्या भाकऱ्या जादा टाक."