डावीकडची खुर्ची

कानसेनांनी तोच तुकडा पाचव्यांदा लावला. हेडफोन कानांवर घट्ट दाबले, गोल बटण हळूहळू डावीकडे फिरवलं, आणि ती कुजबूज पुन्हा आली.

“चुका वाढल्यात त्यांच्या. प्रयोगाच्या आधीच बाजूला करा. फक्त माझं नाव पुढे येऊ देऊ नका.”

कुजबुजीवरून बाई की पुरुष, म्हातारा की तरुण, काही कळत नव्हतं. नुसता श्वास. पण कानसेनांच्या यंत्राला आवाज ओळखायची गरजच नव्हती. ते जागा सांगायचं.

त्यांचं खरं नाव थिएटरात कुणी घेतच नसे. चाळीस वर्षं नाटकांचे आवाज सांभाळलेला माणूस. गाता गळा नव्हता, पण कान असे की पडद्यामागे टाचणी पडली तर कुठल्या विंगेत पडली ते सांगतील. गेली तीन वर्षं त्यांनी या यंत्रापायी जिवाचं रान केलं होतं. प्रेक्षकाने हेडफोन घालायचा, खुर्चीच्या हातावरचं बटण फिरवायचं आणि नाटकात वाटेल तिथे कान न्यायचा. राजाच्या सिंहासनाशी, नाहीतर दाराआड. परवा पहिला प्रयोग व्हायचा होता.

तुकडा सोमवारचा. याच मेकअपच्या खोलीत, याच गोल टेबलाभोवती चौघं बसले होते. कानसेनांच्या समोर थिएटरच्या मॅनेजरबाई. डावीकडे कानसेनांचा मदतनीस, अठरा वर्षं सोबत असलेला पन्नाशीचा गडी, चहात मोजून तीन चमचे साखर घालणारा. उजवीकडे त्यांची मुलगी, दोन वर्षांपासून त्यांच्याच हाताखाली शिकणारी आणि वजनाच्या धास्तीने साखरेला न शिवणारी. डोक्यावर जुना पंखा कुरकुरत होता. कानसेनांनी स्वतः शिडीवर चढून पंख्याच्या बऱ्याच खाली येईल असा माईक टांगला, चाचणी सुरू केली, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ते पाठीमागच्या खिडकीशी गेले. मोजून पाऊण मिनिट. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता.

यंत्राला फार लाड लागत नसत. माईक स्टँडवर उभा असेल तर खटका वर ठेवायचा, छतावरून उलटा लोंबत असेल तर खाली. बाकीचं ते आपलं आपण बघून घेई.

त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. मॅनेजरबाईंचं “हं, बघते” समोरून. स्वतःचं “हॅलो, हॅलो” पाठीमागून. उजवीकडून कपात चमचा फिरल्याची किणकिण. पायांखालून कसलीशी घरघर. तळघरातला पंप असावा. सगळं जिथल्या तिथे. आणि कुजबूज डावीकडून.

मदतनीस हात पुसत आत आला. “दादा, शेवटच्या रांगेचे हेडफोन लावून झाले.”

“ते राहू दे. या वर्षात माझ्या चुका किती झाल्या रे?”

तो चपापला. “कुणाच्या होत नाहीत?”

“म्हणजे झाल्या.”

“दादा, झालंय काय?”

“मी ऐकलंय. सोमवारचं. तुझ्या खुर्चीतून.”

त्याने एकदा मुलीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात खाली मान घालून केबल गुंडाळत होती. गुंडाळलेली केबल तिने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

“माझ्या खुर्चीतून?” त्याने विचारलं.

“तुझ्याच. हे यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र नाही बोलत, दादा.”

“अठरा वर्षं भाऊ मानला तुला. केसाने गळा कापलास. चावी ठेव आणि नीघ.”

त्याने टेबलावर चावी ठेवली. दारापर्यंत गेला आणि वळला. “माईक टांगल्यावर खटका बघत जा. आजवर तुमच्या मागून मी बघत होतो.”

“आता मला शिकवणार तू?”

दार लागलं. कानसेनांना वाटलं होतं, राग बाहेर पडला की बरं वाटेल. वाटलं नाही.

“तू काहीच बोलली नाहीस,” ते मुलीला म्हणाले.

“मी काय बोलणार, बाबा? तुम्ही ऐकलंय म्हणता.” तिने केबल खिळ्याला अडकवली. “त्याचं काम मी बघते. परवा यंत्रावरही मीच बसते. तुम्ही आता दगदग कमी करा. चहा आणू?”

“आण.”

ती गेली. कानसेनांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठले, खिडकीशी गेले, परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. चावीकडे बघवेना. शेवटी मनाच्या खात्रीसाठी त्यांनी सहाव्यांदा हेडफोन चढवले आणि यावेळी उगाचच बटण फिरवून कान खाली नेला, पंपाकडे.

या इमारतीला तळघर नव्हतं.

हे चाळीस वर्षं ठाऊक असलेलं त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. घरघर नव्हतीच ती. दर फेऱ्याला एक कुरकुर, मध्ये थोडी उसंत, पुन्हा कुरकुर. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

हात आपोआप खटक्याकडे गेला. खटका वर होता. सोमवारपासून वरच होता. त्यांनी तो खाली ओढला आणि तुकडा पुन्हा लावला.

पंखा पायांखालून उठून डोक्यावर गेला. चमच्याची किणकिण डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. साखरेचा एक चमचा, दुसरा, तिसरा.

मुलगी कप घेऊन आली आणि त्यांच्या उजव्या हाताला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत टेकली. तिचे ओठ हलले. चहाबद्दल काहीतरी म्हणत असावी. हेडफोनमध्ये त्याच बाजूने, अगदी तिच्याच तोंडाच्या उंचीवरून आलं, “फक्त माझं नाव पुढे येऊ देऊ नका.”