नाना घाटात आहेत

"माननीय आश्रुबा नानांची गाडी धारूरच्या घाटाला लागलेली आहे. दहाच मिनिटांत त्यांचं आगमन होईल," म्हाळूनं माईकवरून तिसऱ्यांदा सांगितलं.

नाना कुठे आहेत याचा म्हाळूला काडीचाही पत्ता नव्हता. पंचक्रोशीतल्या लग्नांत माईक त्याच्याच हातात असायचा, आणि नाना यायचे असले की तो त्यांना बिनदिक्कत घाटात घालायचा. घाटात ट्रकची रांग असतेच, त्यामुळे कुणी हरकत घ्यायचं नाही.

साडेबाराचा मुहूर्त केव्हाच टळला होता. वैशाखाचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली झिरपत होतं. नवरी वर्षाराणी आत शालूत उकडून निघत होती आणि नवरदेव बाशिंग सावरत तिसरी पाण्याची बाटली रिकामी करत होता. पहिल्या रांगेत नानांसाठी पांढरी चादर घातलेला सोफा रिकामाच होता. नवरीचा बाप अजिनाथ त्या सोफ्यावर सकाळपासून कुणाला टेकू देत नव्हता. कुणी एक म्हातारा उन्हासाठी डोक्यावरून तोंडापर्यंत उपरणं ओढून तिकडे वळला, तेव्हा घाईत त्याच्या तोंडाकडेही न बघता अजिनाथ म्हणाला होता, "बाबा, हितं न्हाई. ही जागा नानांची हाय. मागं बसा." म्हातारा मुकाट्यानं मागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसला.

नाना चार वेळा आमदार झाले, एकदा राज्यमंत्री, एकदा चांगले कॅबिनेट मंत्री. पण एखाद्या लग्नाला ते वेळेवर पोचले असं सांगणारा माणूस साऱ्या मतदारसंघात सापडला नसता. नानांना नाही म्हणता यायचं नाही. वाटेत कुणी हात केला की गाडी थांबायची, गाडी थांबली की चहा व्हायचा. लोक पत्रिका बघून हसायचे. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे नानांच्या घड्याळात तीन! हसायचे, वैतागायचे आणि थांबायचे. मंत्रिपदाच्या काळात तर नाना मुंबईहून निघाल्यापासून इकडे मांडव खोळंबायचे.

गेल्या निवडणुकीत मात्र नाना पडले. दारापुढच्या गाड्या पांगल्या, पीए नव्या साहेबांकडे गेला. अजिनाथ पत्रिका घेऊन गेला तेव्हा नाना एकटेच ओट्यावर बसले होते. "येतो रे," एवढंच म्हणाले. आज सकाळपासून त्यांचा फोन लागत नव्हता.

नवरदेवाचे मामा मोहनराव पाटोद्याचे, तापट म्हणून प्रसिद्ध. ते उठून अजिनाथपुढे आले.

"पाहुणे, मंत्री असते तर गोष्ट येगळी व्हती. पडलेल्या माणसासाठी कावून पोरांना उन्हात तळता? अक्षता टाका, न्हाई तर आमी पोराला घेऊन निघालो."

अजिनाथचा चेहरा उतरला. लेकीचं लग्न मोडायची वेळ आली होती. त्यानं भटजींना खूण केली, भटजींनी अंतरपाट उचलला. तेवढ्यात अजिनाथची आई भिवराबाई पुढे झाली आणि तिनं म्हाळूच्या हातातला माईक काढून घेतला. माईकवर बोलायची तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ती ओरडूनच बोलली.

"मोहनराव, पाया पडते, जरा दम धरा! नाना आमदार व्हते तवा थांबलो. मंत्री झाले तवा थांबलो. ह्या अजिनाथच्या लग्नाला दिवस मावळला, तरी थांबलो. सगळ्या लग्नांना नाना उशिरा. पण आमचं म्हातारं गेलं, त्या दिशी मातीला सगळ्यात आधी नाना आलते. भाऊबंद यायच्या आधी. आता खुर्ची गेली म्हून आमी थांबायचं न्हाई व्हय? मला काय मागायचं न्हाई त्यांला. ते येतेल."

मोहनरावांनी मान खाली घातली. आणि मागे पाण्याच्या टाकीजवळचा तो म्हातारा उठला. गर्दीतून वाट काढत, खुर्च्यांना धरत धरत पुढे आला. त्यानं डोक्यावरचं उपरणं काढलं.

म्हाळूच्या तोंडून "आयला!" निघालं, तेही भिवराबाईनं नुकत्याच परत दिलेल्या माईकवरून. अजिनाथला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नानांनी आधी मोहनरावांपुढे हात जोडले. "चूक माझी हाय पाहुणे. पोरांना माझ्यापायी तरास झाला." मग भटजींना म्हणाले, "करा सुरू."

"नाना!" भिवराबाई लगबगीनं त्यांच्याजवळ आली. "कवा आलात?"

"सकाळीच. काळीपिवळी जीपनं."

"मंग इतका येळ बोलला कावून न्हाईत?"

नानांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी उपरण्यानं सगळ्यांदेखत पुसले, लपवलं काही नाही.

"म्हाळूनं पयल्यांदा पुकारलं तवाच उठणार व्हतो, अक्का. पाय उचलंना. आजवर लोक माझ्यासाठी थांबले, पण मी सदाचा उशिरा येणार. ते थांबणं मला कधी बघायलाच घावलं न्हवतं."