पहिल्या सकाळचा रस्ता

"पळायचं नाही, थांबायचं नाही, आणि मागे तर मुळीच यायचं नाही," ताई म्हणाली. "एकाच चालीने चालायचं. तुम्ही कुठे निघालात हे गाडीवाल्याला कळलं की तो आपणहून वळसा घालतो. तुम्ही गोंधळलात की तोही गोंधळतो."

लॉजच्या पायरीवर चार पाहुणे उभे होते. चौघेही कालच या शहरात पहिल्यांदा उतरलेले. एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई, आणि हॅट घातलेला एक गलेलठ्ठ माणूस व त्याची बहीण. समोर सहापदरी रस्ता भरून वाहत होता. सिग्नल नव्हता, पट्टे कधीचे पुसून गेले होते. सकाळचे आठ वाजले नव्हते आणि मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"पाणी घेतलं? सुटे पैसे वरच्या खिशात, बाकीचे आत. भाडं रिक्षात बसायच्या आधी ठरवायचं, बसल्यावर ठरवणारा फसलाच म्हणून समजा. आणि बारा ते तीन सावली सोडायची नाही. इथलं ऊन पाहुणाबिहुणा ओळखत नाही."

हे सगळं ती झोपेतही सांगू शकली असती. बोलायला काय लागतं? प्रश्न रस्त्याचा होता. चार महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर एका स्कूटरने तिला उडवलं होतं. त्यानंतर तिने तो एकदाही ओलांडला नव्हता. गुडघ्यात आता स्टीलची पट्टी होती. सासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला होता, "सून एकच आहे मला, आणि तिला गुडघे दोनच."

काल लॉजच्या मालकाने तिला बोलावून घेतलं होतं. "ताई, उद्या एकदा पाहुण्यांना रस्त्यापलीकडे नेऊन आणा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर चादरी-टॉवेलांचं काम सांभाळा, पगार तोच राहील." पगार तोच, हे तिला जास्त झोंबलं. बावीस वर्षं पाहुण्यांना रस्ता शिकवणारी बाई दयेच्या टॉवेलांच्या घड्या घालत बसणार होती. ते ती होऊ देणार नव्हती.

"चला," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

मास्तरीणबाईंनी तिचं मनगट असं धरलं की बांगडीच रुतावी. पहिला पदर, दुसरा पदर. तिसऱ्यात एक बस अंगावर आल्यासारखी भोंगा वाजवत आली. गुडघा लटपटला. "चल मेल्या, आता नखरे नकोत," तिने त्याला मनातल्या मनात दम भरला. चाल तीच ठेवली. बस वळसा घालून निघून गेली. पाचही जण पलीकडे पोचले, तेव्हा हॅटवाल्याने हॅट काढून कपाळ पुसलं.

"आता परत तुमचे तुम्ही जायचं," ताई म्हणाली. "मी इथून बघते."

"तुम्ही नाही येत?" मास्तरीणबाईंचा आवाज चिरकला.

"मी शेवटी येते. पोहायला शिकवणारा काय जन्मभर पोटाखाली हात धरून ठेवतो का?"

ही तिची जुनी पद्धत. मास्तर आधी उतरले, ओठातल्या ओठात पावलं मोजत, त्यांच्या मागे बाई. हॅटवाला डोळे किलकिले करून निघाला, तेव्हा त्याच्या बहिणीनेच त्याला हाताला धरून नेलं. चौघेही लॉजच्या दारात पोचले. परीक्षेत पास झालेल्या पोरांसारखे ओरडायला लागले.

आता ताई एकटी उरली.

त्या दिवशीही इथपर्यंत सगळं असंच सुखरूप झालं होतं. पाहुणे दारात हसत होते, हात हलवत होते. अर्ध्या रस्त्यात तिनेही खुशीत हात वर करून हलवला. या रस्त्यावर त्या हाताचा अर्थ, तू जा, मी थांबते. स्कूटरवाल्याला वाटलं, बाई आपल्यालाच जा म्हणतेय, आणि तो गेला. चूक त्याची नव्हतीच. चूक कोणाची ते दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि तेव्हा काउंटरमागच्या खिडकीतून सगळं पाहणाऱ्या मालकाला.

आजही तो खिडकीत उभा होता.

ताईने रस्त्यावर पाऊल टाकलं. भीती वाटत नाही असं म्हणणं खोटं ठरलं असतं. समोरून मास्तरीणबाई दोन्ही हात नाचवत होत्या. "ताई! ओ ताई! इकडे बघा, फोटो!" हॅटवाला हॅट फिरवत होता. तिचा उजवा हात आपोआप वर जाऊ लागला. तिने तो खाली ओढून मांडीशी घट्ट दाबला. नजर येणाऱ्या चाकांवर ठेवली. एक टेम्पो मागून गेला, दोन स्कूटर पुढून गेल्या. चाल तीच.

पायरीवर पोचताच ती थेट आत गेली आणि माठातलं पाणी घटाघटा प्यायली.

मास्तरीणबाई काउंटरपाशी आल्या. "एवढा वेळ आम्ही हात हलवतोय, आणि तुमच्या ताईंनी एकदाही हात वर केला नाही," त्या मालकाला म्हणाल्या. "जरा शिष्टच दिसतात."

"आहेतच," मालक म्हणाला. "उद्याही त्याच येतील तुमच्याबरोबर."