एक तरी कमतरता

“अभिनंदन आजी! एकही कमतरता नाही,” डॉक्टर रिपोर्ट दाखवत म्हणाले आणि माझा चेहरा पडला.

सूनबाईच्या कंपनीच्या आरोग्य योजनेतून माझ्या औषधांचे पैसे मिळतात. ताकदीच्या गोळ्यांचे मात्र डॉक्टरांनी कमतरता लिहून दिली तरच. शेजारच्या वनमालाबाईंना त्या मिळाल्यापासून त्यांचा तोरा बघवत नाही. म्हणून मी महिनाभर ऊन टाळलं, दूध मांजरीला घातलं, नाचणीला शिवले नाही.

लहानपणी आई नाक दाबून माशाच्या तेलाचा चमचा पाजायची आणि मी तो मोरीत थुंकायचे. आता त्याच तेलाच्या गोळ्यांसाठी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आजारी पडायला निघाले होते. तेही जमलं नाही.

“निदान थोडा अशक्तपणा तरी लिहा हो,” मी गयावया केली.

“लिफ्ट बंद असताना तीन मजले चढून आलात, आजी. काय लिहू?”

घरी सून दारातच उभी होती. माझं तोंड पाहून तिने हात घट्ट धरला.

“आई, रिपोर्टमध्ये काय निघालं?”

“काहीच नाही गं,” म्हणता म्हणता मला रडूच फुटलं.

तिने घाबरून माझ्या मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं.