अकरा खर्डे

पीटरनेलाच्या पत्राला मारिनस मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं, याला एकोणीस वर्षं झाली होती. आज सगळं धैर्य गोळा करून ते एवढंच म्हणाले, "त्या पत्राचं उत्तर राहिलंच बघ माझ्याकडून."

"राहिलं कुठे?" पीटरनेला म्हणाली. "दिलंत की तुम्ही."

हॉलंडच्या झीलंड प्रांतातल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये त्या वेळी दोघंच होते. गुरुवारची दुपार होती. मास्तर ऑर्गनचा सराव करायला आले होते. पीटरनेला मेजावर पांढरं कापड अंथरत होती. रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या बोलावण्यावरून मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. वर्षातून चारदा पुढे हे लांब मेज मांडलं जाई, भोवती तीस खुर्च्या लागत. मंडळी सहाशे माणसांची, तरी त्यातल्या दहा-बारा खुर्च्या रिकाम्याच राहत. आपण त्या भाकरीला आणि द्राक्षारसाला लायक आहोत, असं म्हणायची छाती फार थोड्यांची होती.

कापड धुऊन, इस्त्री करून आणायचं काम पीटरनेलाचं. ती स्वतः शेवटच्या बाकावर बसे. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी दिवस गेले म्हणून, तिला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून गुन्हा कबूल करावा लागला होता. ज्याने तिच्याबरोबर उभं राहायचं, तो बोटीवर निघून गेला होता. पाळकांनी क्षमा झाल्याचं जाहीर केलं आणि ती खाली बसली. गावाच्या नजरेत मात्र ती अजून उभीच होती.

तिने पत्रात लिहिलं होतं, "याकोमीन आता वीस वर्षांची झाली. विचारते, आई, तू मेजाशी का बसत नाहीस? तुम्ही पुष्कळ वाचता. माझ्यासारखीने बसावं की नाही? नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी चालेल."

मास्तरांनी पुस्तकं काढली. एकात 'हो' होतं, पुढच्यात 'पण' होतं. त्यांनी अकरा खर्डे केले आणि अकराही खणात टाकले. आपण कोण सांगणारे, असं त्यांना दर वेळी वाटलं.

"मी? उत्तर? कधी दिलं?" ते आता चाचरत म्हणाले.

"बेकरीचा रस्ता विचारला, तर तुम्ही समुद्राचा बांध कुणी बांधला इथपासून सुरू करता. आणि मला एक अक्षर नाही! एवढं कळतं हो मला. 'नाही' लिहायला तुमचा हात धजला नाही. भले माणूस तुम्ही."

"पण मी नाही म्हटलं नव्हतं!"

"हो तरी कुठे म्हटलंत? तो कोपरा धरा जरा. ओढू नका, नुसता धरा."

मास्तरांनी कोपरा धरला.

"परवा याकोमीनचा फोन आला होता रॉटरडॅमहून," पीटरनेला घडी उलगडत म्हणाली. "चाळिशीला आली पोरगी, आणि विचारते काय, तर आई, मी जन्मले नसते तर तू मेजाशी बसली असतीस ना? मी काय बोलणार? म्हटलं, अगं, मास्तरांनी सगळी पुस्तकं पालथी घातली, त्यांना काही सापडलं नाही. तेव्हापासून फोन उचलत नाही."

कापड मास्तरांच्या हातून सुटलं.

"अहो! लागलं ना जमिनीला! पुन्हा धुवायला लावा मला."

आपल्या गप्प बसण्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं ते जन्मभर समजत आले होते. त्याच गप्प बसण्याने एका बाईला एकोणीस वर्षं शेवटच्या बाकावर बसवलं होतं. आणि आता ते तिच्या लेकीला सांगत होतं, की तू जन्मायलाच नको होतीस.

"तुमचं बरं आहे," पीटरनेला कापड झटकत म्हणाली. "रविवारी वर माडीवर, ऑर्गनपाशी. तुमची भाकर तिथेच पोचवतात म्हणे."

मास्तर ऑर्गनचा सराव न करताच घरी निघाले.

घरी येऊन त्यांनी खण उघडला. अंगातला कोटही न काढता, उभ्याउभ्या अकराही खर्डे वाचले. पानोपानी पीटरनेला होती. तिची चूक, तिचं तेव्हाचं वय, तिचा पश्चात्ताप पुरेसा की अपुरा. ज्याने मेजाशी बोलावलं होतं, त्याचं नाव अकरा खर्ड्यांत एकदाही आलं नव्हतं. यजमान दारात हात पसरून उभा होता, आणि मास्तर पाहुणीच्या पायांचा चिखल तपासत बसले होते.

बारावं पत्र त्यांनी खोडाखोड न करता लिहिलं.

"पीटरनेला,

हो.

बोलावणं त्याचं आहे. कोण लायक, कोण नाही, हे ठरवायला त्याने मला नेमलेलं नाही. हे पत्र तसंच याकोमीनला पाठव. तिला सांग, आईच्या वाटेत ती कधीच आडवी आली नाही. मी आलो.

आणखी एक. माडीवर मला कुणी काही पोचवत नाही. चाळीस वर्षांत ती भाकर मी तोंडाला लावलेली नाही. मलाही लायक वाटलं नाही, म्हणून ऑर्गनमागे लपलो. या रविवारी खाली यायचं म्हणतो, पण एकट्याचं पाऊल उचलणार नाही. तू शेजारी बसशील का?"

अंधार पडायच्या आत त्यांनी पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. मग दोन बोटं फटीत घालून ते परत निघतं का, हे पाहिलं. निघत नव्हतं.