रविवारपर्यंत

टक् टक्. शरयूबाईंनी चहाची गाळणी सिंकच्या कडेवर आपटली आणि केबिनमधली शांतता मोडली. खिडकीबाहेर पाइनच्या झाडांत धुकं अडकून राहिलं होतं. सिएराच्या डोंगरातलं ते एवढंसं गाव अजून जागं व्हायचं होतं.

"तू बस गं. मी देते," त्या सुनेला म्हणाल्या. सातवा महिना लागल्यापासून त्या आश्लेषाला काही उचलू देत नव्हत्या. आज तर कपही हातात आणून दिला.

आश्लेषाला त्यांच्याकडे बघवेना.

काल संध्याकाळी निमिष केबिनच्या फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. "अण्णा गेले? कधी?... नाही, इथे नाही सांगत तिला. रविवारी घरी सनीव्हेलला पोचलो की बघतो." मागे वळून त्याने बायकोला दारात पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. नागपूरचे अण्णामामा, शरयूबाईंचे थोरले भाऊ, वर्षभर अंथरुणाला खिळून होते. "आईंना मी अजिबात कळू देणार नाही. दोन दिवस सुखाने फिरू देत त्यांना."

निमिषने रिसीव्हर सावकाश खाली ठेवला. मग तिचा हात धरून म्हणाला, "हो. रविवारपर्यंत."

धुकं विरल्यावर सगळे वाटेला लागले. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाड्यांत संसार घालून पश्चिमेला निघालेली माणसं याच खिंडीतून गेली होती. खडकांवर चाकांच्या लोखंडी धावांचे गंजके पट्टे अजून दिसत होते. जागोजागी गावाने पितळी पाट्या लावल्या होत्या. आश्लेषाला वाटलं, कान दिला तर चाकं ऐकूही येतील.

"काय लिहिलंय गं?" शरयूबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता.

ते दोन वर्षांच्या मुलीचं थडगं होतं.

"इथे मुक्काम केला म्हणे त्यांनी. गाणीबिणी म्हटली," आश्लेषा म्हणाली.

"नो आई, इट सेज शी डा..."

आश्लेषाने सात वर्षांच्या अदितीचा हात दाबला.

"गाणी? बरं झालं," शरयूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या खांद्यावरची शाल नीट केली.

पुढच्या पाटीवर आजारी बापाला इथेच पुरून मुली पुढे गेल्या होत्या. आश्लेषाने वाचून दाखवताना तिथे बैलांना पाणी पाजलं. अदितीला बाजूला घेऊन तिने कानात सांगितलं, "अण्णामामा देवाघरी गेले. आजीला कळलं तर ती खूप रडेल. आपलं सीक्रेट."

"फॉर हाउ लाँग?"

"रविवारपर्यंत."

उतरताना ती निमिषला म्हणाली, "केबिनवर गेल्यावर पुण्याला बाबांना एक फोन करते रे. हे सगळं सांगते."

"फोनचं कार्ड संपलंय यार," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "घरी गेल्यावर कर."

ऊन कलताना ती पलंगावर पडली होती. अर्धवट झोपेत गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी दुरून तिला हाक मारत होतं, पोटात बाळ ढुशी देत होतं. अदिती धावत आली.

"आई! अण्णामामा इज नॉट डेड! त्यांचा फोन आलाय. आजी बोलतेय. मी पण हॅलो केलं!"

आश्लेषा उठून बसली. छातीवरचा धोंडाच उतरला. म्हणजे मामा आहेत, आणि आपण वेड्यासारखं दिवसभर पाट्यांवरचं फिरवून सांगत बसलो! ती खळखळून हसली. लेकीला कुशीत ओढून तिचे पटापट मुके घेतले.

"आजी खूश आहे ना मग?"

"नो. रडतेय. मामा पण." अदितीने तिच्या कुशीतून मान वर केली. "आई, बाबा पुण्याच्या आजोबांना पण अण्णाच म्हणतो ना?"