आठवी लादी

आठवी लादी जिन्याच्या तोंडाशी टेकवून मिस्त्री दम खायला थांबला. चार बोटं जाडीचा काळाकुळकुळीत दगड; टेंपोवाला दुसरं टोक धरून होता तरी दोघांचे खांदे भरून आले होते. जिन्यालगतच्या खोलीत पलंगावर एक म्हातारी पडल्या पडल्या पांघरुणावरचं काहीतरी पांढरं झटकत होती.

"आमची सूनबाई वर पीठ चाळतेय," ती मिस्त्रीला म्हणाली. "सकाळपासून माझ्या अंगावर पडतंय. थोडं पाणी शिंपडलं की मलाच मळायला घेईल बघा!"

आपल्याच बोलण्यावर ती खुदखुदली. हसताना तिचे खांदे हलले. पाय होते तिथेच राहिले. मिस्त्रीही हसला आणि त्याने लादी उचलली.

वर कानसेन वाटच पाहत होते. गल्लीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा पहिला फोन आला होता: स्पीकर वाजले की लाकडी जमीनही सोबत ढोलासारखी घुमते, खाली दगड ठेवून पाहायचाय. दोन लाद्या गेल्या. आवाज सुधारला. मग आणखी दोन, मग आणखी दोन. दर वेळी फोनवर इतकी तारीफ, की मिस्त्री निवडून निवडून दगड काढायचा आणि टेंपोने पाठवून द्यायचा. फोनवर लाकडी जमीन ऐकली तेव्हा त्याला वाटलं, मातीवर फळ्या ठोकल्या असतील. घर केवढं, खोली कितव्या मजल्यावर, हे काही त्याने विचारलं नाही. आज शेवटची जोडी त्याने स्वतःच्या हाताने बसवून द्यावी, असा कानसेनचा हट्ट होता.

"हळू, मिस्त्री, हळू! तान्ह्या मुलाला ठेवतात तशी ठेवा."

टेंपोवाला चौघांच्या जोरावर काम उरकून घाईघाईने निघून गेला. चौथी होती सूनबाई. स्पीकर उचलून धरायला तिलाच बोलावलं होतं. आता दोन्ही स्पीकर चार-चार लाद्यांच्या चळतीवर चढून बसले. मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने वरची लादी ठोकली. खणखणीत वाजली. आपल्या दगडाचा त्याला अभिमान वाटला.

डाव्या चळतीवर त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा जरा कडेला होता. दगडाची एक कपची सारून त्याने तो बरोबर मध्ये आणला, कपाळ पुसलं आणि पुन्हा पाहिलं. बुडबुडा सरकला होता.

दुसरी कपची सारली. बुडबुडा मध्ये आला, घटकाभर थांबला आणि मुंगीच्या चालीने पुन्हा कडेला निघाला.

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. चळतीपासून हातभर अंतरावर त्याने फळीवर ठोकून पाहिलं. बद्द. जरा पुढे ठोकलं. तिथेही बद्द. भेगाळलेला दगड असा वाजतो, तेव्हा तो मुकाट्याने बाजूला टाकतात.

"साहेब, खालची तुळई कधी बघितलीत?"

"तुळईला काय झालंय? आजोबांच्या वेळची आहे."

"पोखरलीय ती. या लाद्या उतरवू. आत्ताच." मग त्याला पांघरुणावरची ती पांढरी भुकटी आठवली. "आणि त्याआधी खाली आईंना त्या खोलीतून बाहेर काढू. सूनबाई, पीठ चाळत होता का तुम्ही?"

"मी? नाही हो," सूनबाई म्हणाली. "सकाळपासून मी चाळणीला हातही लावलेला नाही. चहा उकळलाच आहे, आणते थांबा." आणि ती आत गेली.

"काढू या, काढू या," कानसेन तबकडी पुसत म्हणाले. "एवढं जीव तोडून चढवलंय, एक गाणं तर ऐकाल? तीन मिनिटांचं आहे. मग तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्री दाराकडे वळला होता. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि त्याचा पाय अडला. गाणारी बाई जणू समोर येऊन बसली होती. शब्द सुरू करण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. घुमणं नाही, गडबड नाही, सूर कसा सुटा सुटा. हे आपल्या दगडाने केलं! अर्धं गाणं तो तसाच उभा राहून ऐकत होता. पुढे याबद्दल त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

"बघा!" कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतकी वर्षं ऐकतोय, पण ही बारीक करकर मला कधी ऐकूच आली नव्हती. तबकडी जुनी आहे ना. धूळ असणार."

"साहेब, बंद करा ते."

"अहो, नुसती धूळ—"

"बंद करा म्हणतो ना!"

कानसेननी नाराजीने सुई उचलली. गाणारी बाई मध्येच गप्प झाली. तबकडी नुसतीच फिरत राहिली.

करकर थांबली नाही.

दारात सूनबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती जागची हलली नव्हती, तरी कप बशांमध्ये वाजत होते.

खालून म्हातारीचा आवाज आला, "अगं सूनबाई, पुरे कर आता! अख्खी चाळण माझ्यावरच उपडी करणार आहेस का?"